झाडं जमली, आता माणसं बसव

अगं, तू पाठवलेला तुझ्या फोनवरच्या खेळाचा नमुना निवांत बघितला. झाडं सुरेख जमली आहेत. पाण्यावरचं ऊन, डोंगरावरून सरकणारी ढगाची सावली, वाऱ्यानं लवणारं गवत, सगळं डोळ्यांना गार वाटतं. पण तू मोकळेपणानं विचारलंस म्हणून मनातलं सांगते. ते बघताना माझ्या मनात एकच आलं: इथं आपण एकट्या असू तोवर छान आहे, पण बाजूला चार अनोळखी माणसं येऊन उभी राहिली तर? तुझं खरं काम तिथून पुढं सुरू होतं, आणि त्याबद्दल तुझ्या नमुन्यात अजून काहीच नाही.

झाडांनी मन निवतं हे खरंच आहे. रॉजर उलरिख यांचा अभ्यास तुला कॉलेजात शिकवला असेल. 1984 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात तो छापून आला. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, आणि त्यांना वेदना थांबवणारी कडक औषधंही कमी लागली. पुढं रेचल आणि स्टीफन कॅप्लन यांनी 1989 च्या पुस्तकात याचं कारण मांडलं. निसर्ग आपलं लक्ष वेधतो, पण हिसकावून घेत नाही, म्हणून कामानं शिणलेलं मन तिथं सावरतं. हे सगळं मान्य. पण तो रुग्ण खाटेवर एकटा पडून झाड बघत होता, त्या झाडाखाली त्याला कुणी हटकत नव्हतं. तू मात्र माणसांना एकत्र आणणार आहेस. माणसं आली की लाज येते, चढाओढ येते, टोमणे येतात, आणि बाईमाणसाला भीतीही येते. पानं कितीही हिरवी केलीस तरी यातलं काही कमी होत नाही.

ज्यांनी हे आधी करून बघितलं त्यांच्याकडं बघ. बेल्जियममधल्या गेंट शहरात ऑरिया हार्वी आणि मिखाएल सामिन या दोघांचा ‘टेल ऑफ टेल्स’ नावाचा स्टुडिओ होता. त्यांनी 2005 मध्ये ‘द एंडलेस फॉरेस्ट’ हे संगणकावरचं जंगल लोकांसाठी खुलं केलं. तिथं प्रत्येक जण हरिण असतो, चेहरा तेवढा माणसाचा. बोलायची सोयच नाही. नावाच्या जागी एक चिन्ह. जिंकायचं काही नाही, गुण नाहीत. पळायचं, लोळायचं, मान तुकवायची, कुणाच्या तरी शेजारी जाऊन बसायचं. मला त्यातली एक गोष्ट फार आवडते: तिथली जादू स्वतःवर चालत नाही, दुसऱ्यावरच करता येते. म्हणजे सजायचं असेल तर दुसऱ्या हरणानं तुम्हाला सजवायला हवं. नटण्यामुरडण्याची हौस तशीच राहिली, फक्त तिचं तोंड दुसऱ्याकडं वळवलं. अशा एका नियमानं जंगलाचा स्वभाव ठरतो.

जेनोवा चेन यांच्या चमूनं 2012 मध्ये काढलेला ‘जर्नी’ हा खेळ तू खेळली आहेस, पण तो बनताना काय झालं ते आठवून बघ. वाळवंटात दोन अनोळखी माणसं भेटतात, एकमेकांना मदत करत डोंगराकडं जातात, असा बेत होता. सुरुवातीच्या नमुन्यात एकाला दुसऱ्याला धक्का देता येत होता, आणि मदत राहिली बाजूला, लोक एकमेकांना ढकलण्यातच रमले. ही वाईट माणसं होती असं नाही. काही केलं की समोर काहीतरी घडतं याची मजा लहान मुलालाही असते, आणि सगळ्यात मोठी घडामोड धक्का दिल्यावर होत होती. चमूनं लोकांना उपदेश केला नाही. त्यांनी धक्काच काढून टाकला, आणि जवळ आल्यावर दोघांच्याही गळपट्ट्यात बळ भरेल असं केलं. त्यानंतर तीच माणसं एकमेकांना बिलगून चालायला लागली. नावं थेट शेवटी कळतात, तोवर फक्त एक सूर काढता येतो. त्याच लोकांच्या 2019 च्या ‘स्काय’मध्ये अनोळखी माणूस आधी नुसता सावळा आकार दिसतो, मेणबत्तीचा उजेड एकमेकांना दिला की चेहरा उघडतो, आणि गप्पा त्याच्याही पुढच्या. ओळख अशी पायरीपायरीनं वाढते. तुझ्या नमुन्यात मात्र आल्याआल्या प्रत्येकाच्या डोक्यावर नाव, गाव आणि लिहायची चौकट आहे. ती काढ. निदान पहिल्या भेटीत तरी नको.

आता हे परदेशातलं झालं. पण तू वेळापूरची पोरगी आहेस, आणि या विषयातली सगळ्यात मोठी शाळा दर आषाढात आपल्या दारात भरते.

माळशिरसहून माऊलींची पालखी निघते, खुडूस फाट्यावर गोल रिंगण होतं, अश्व धावतात, मग उडीचे खेळ, फुगड्या, आणि संध्याकाळी सोहळा आपल्या तळावर येतो. लाखांनी माणसं. त्यातली बहुतेक एकमेकांना अनोळखी. तरी आपण लहानपणापासून त्या गर्दीत हिंडलो, आणि आई कधी घाबरली नाही. तेव्हा आपल्याला वाटायचं, ही देवाची कृपा. कृपा आहेच, पण त्याखाली कुणाची तरी आखणी आहे. आरफळचे हैबतबाबा शिंद्यांच्या पदरी सरदार होते. लष्कराची शिस्त त्यांच्या अंगात मुरलेली. त्यांनी 1832 च्या सुमारास या वारीला आजच्या पालखी सोहळ्याचं रूप दिलं. अंकलीच्या शितोळे सरदारांकडून अश्व आले, ते आजही तिथूनच येतात. रथापुढं 27 दिंड्या, बाकीच्या मागं, प्रत्येकीची जागा ठरलेली. कुणी कुठं चालायचं, कुठं थांबायचं, टाळ कुठं, वीणा कुठं, तुळस घेतलेल्या बाया कुठं, हे सगळं बसवलेलं आहे. गर्दी आपोआप शांत होत नसते, तिला कुणीतरी बसवावं लागतं. मला तुला एवढंच सांगायचं आहे. बाकी सगळं याच्याच अवतीभोवतीचं.

आधी दिंडी बघ. लाख माणसांत कुणीही लाखांबरोबर चालत नाही, तो आपल्या दिंडीबरोबर चालतो. चेहरे ओळखीचे होतील एवढीच ती असते, आणि पलीकडं अफाट मेळा आहे हे नुसतं ऐकू येत राहतं. तुझ्या जगातही तसंच कर. एका जागी थोडीच माणसं येऊ देत, बाकीची दूरवर, टेकडीपलीकडच्या दिव्यांसारखी कळू देत. एकटेपणाही नको आणि कोंडमाराही नको. आणि सगळ्यांना करायला काहीतरी एकसारखं दे. टाळ वाजवताना बोलावं लागत नाही, तरी माणूस एकटा नसतो. लाजाळू माणसाला ‘काय बोलू’ या प्रश्नातून सोडवणारी याहून चांगली युक्ती मला माहीत नाही. तुझ्याकडं चालणं असेल, होडी वल्हवणं असेल, शेकोटीत काटक्या घालणं असेल. हात गुंतले की जीभ मोकळी होते, आणि नाही झाली तरी बिघडत नाही.

दुसरी गोष्ट समाजआरतीची, आणि ही मी जरा सविस्तर सांगते, कारण तुझ्या कामाची सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. संध्याकाळी तळावर दिंड्या पालखीभोवती गोल उभ्या राहतात. टाळमृदंगाचा गजर एवढा की शेजारच्याचं ऐकू येत नाही. मग चोपदार चोप उंच धरतो आणि ‘हो’ अशी आरोळी देतो. त्या क्षणी सगळे टाळ थांबतात. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, जागा मिळाली नाही, पाण्याचा टँकर आला नाही, वाटेत कुणाशी वाद झाला, तर ती दिंडी टाळ थांबवत नाही. सगळीकडं शांत आणि तिथंच टाळ वाजतोय, म्हणजे तक्रार तिथं आहे हे साऱ्या तळाला कळतं. चोपदार त्यांच्याकडं जातो, ऐकून घेतो, निवाडा होतो, आणि मग टाळ थांबतो. मग काय हरवलं, काय सापडलं ते पुकारतात, उद्या किती वाजता निघायचं ते सांगतात, आणि त्यानंतर आरती.

आता यातलं एकेक घे. तक्रार करायला कुणाचे पाय धरावे लागत नाहीत, अर्ज लिहावा लागत नाही, नुसतं थांबायचं नाही, एवढंच. ती त्याच दिवशी ऐकली जाते, दुसऱ्या दिवशीच्या वाटेवर ओझं घेऊन कुणी निघत नाही. ऐकणारा माणूस दिसतो, त्याचं काम काय ते सगळ्यांना ठाऊक असतं. आणि तक्रार मिटल्याशिवाय आरती पुढं सरकत नाही. तुमच्या क्षेत्रात तक्रारीचं बटण तीन पडद्यांआड असतं, दाबलं की ‘आपली तक्रार मिळाली’ असा निरोप येतो आणि पुढं काय झालं ते कुणालाच कळत नाही. तुझ्या जंगलात रोज संध्याकाळी अशी एक वेळ ठेव. सूर्य मावळला की पाच मिनिटं सगळं थांबेल, ज्याला काही सलतंय त्याचा दिवा पेटता राहील, आणि नेमलेलं माणूस त्याच्याकडं जाईल. खरं माणूस हं, यंत्रानं दिलेलं ठोकळेबाज उत्तर नको. त्या माणसाचा पगार बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून धर. झाडांचे रंग कमी कर हवं तर.

वारी आणि फोनचा पडदा हे सोयरिकीला न जमणारं स्थळ आहे असं कुणी म्हणालं तर त्याला 2011 सालची फेसबुक दिंडी सांग. काही मराठी तरुणांनी ती सुरू केली, आणि ज्यांना रजा नाही, ज्यांचे पाय साथ देत नाहीत, जे सातासमुद्रापार आहेत, ते रोजचा मुक्काम, रोजची चित्रं बघत बघत घरबसल्या पंढरीला पोचले. 2020 मध्ये तर सगळ्यांवरच ती वेळ आली. पायी वारी रद्द झाली, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या, आपला तळ मोकळा राहिला. त्याच वर्षी 20 मार्चला ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’ या खेळाचा नवा भाग आला आणि जगभरातली कोंडलेली माणसं एकमेकांच्या बेटांवर जायला लागली. तिथं खरं घड्याळ चालतं: तुमच्याकडं रात्र तर बेटावर रात्र, पुढच्या महिन्यात ऋतू बदलणार तर तिथंही बदलणार. घड्याळच पुढं सरकवलं नाही, तर घाई करून उद्या आजच आणता येत नाही. वाट बघणं हाच त्यातला अर्धा आराम होता असं मला वाटतं.

आता बाईमाणसाचं. हे मी तुला बहीण म्हणून सांगते आणि वरिष्ठांसमोर तू हे न कचरता मांडावंस असं मला मनापासून वाटतं. मेटा कंपनीच्या ‘होरायझन वर्ल्ड्स’ या आभासी जगात 2021 च्या शेवटी चाचणीच्या काळात एका बाईनं सांगितलं, की अनोळखी खेळाडूनं आपल्या पडद्यावरच्या शरीराशी लगट केली. 2022 च्या फेब्रुवारीत कंपनीनं प्रत्येक आकृतीभोवती चारेक फुटांचं अंतर आपोआप राहील अशी सोय केली. सोय चांगली, पण ती आधी हवी होती. कुंपण चोरी झाल्यावर घालायचं नसतं. तुझ्या जगात अंतर पहिल्या दिवसापासून असू दे, आणि ते कमी करायचं की नाही हे जिच्याभोवती आहे तिनंच ठरवायचं. मागं मागं येणाऱ्याला दिसेनासं व्हायची सोय एका बोटाच्या अंतरावर ठेव, आणि आपण दिसेनासे झालो हे त्याला कळता कामा नये. रात्रीच्या जंगलात एकटं चालायचं सुख आपल्या वाट्याला खऱ्या आयुष्यात फारसं येत नाही. ते जर तू तुझ्या वयाच्या, माझ्या वयाच्या बायकांना निर्धास्तपणे देऊ शकलीस, तर ते फार मोठं काम होईल. लेकरांचंही तितकंच बघ. 2023 च्या माहिती संरक्षण कायद्यानं 18 वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची खात्रीशीर संमती सांगितली आहे आणि त्यांच्या हालचालींवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई केली आहे. कायदा आहे म्हणून नव्हे, आपल्या पोरांसाठी पाळ.

निसर्गाबद्दल माझी एकच तक्रार आहे. तुझ्या नमुन्यातले ते बर्फाचे डोंगर आणि सूचिपर्णी झाडं कुणाची? आपल्याकडच्या माणसाचं मन तिथं पाहुण्यासारखं बसतं. आपला माळ घे की. सोलापूरचा माळ लोकांना उजाड वाटतो, कारण त्यांनी तो पावसानंतर बघितलेला नसतो. पवन्या आणि कुसळी गुडघाभर वाढतात, सकाळच्या तिरप्या उन्हात कुसळी तांबूस दिसते, आणि चालून आलं की परकराला कुसळं चिकटलेली. बांधाला मारवेल, वाटेला तरवडाची पिवळी फुलं, मध्येच एखादं हिवर, एखादी बोर. चंडोल गात गात सरळ वर चढतो, टिटवी रात्रीबेरात्री ओरडत जाते. नान्नजला 1979 मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं, आता तिथंही तो दिसणं दुर्मीळ. तुझ्या माळावर त्याला ठेव. पण त्याचे गुण लावू नकोस, ‘माळढोक दिसला, शंभर नाणी’ असलं काही नको. कधीतरी, कुणालातरी, लांबवर चालताना दिसावा आणि त्यानं शेजारच्याला खुणेनं दाखवावा, बस्स. मग माळाला लागून नीरेचा उजवा कालवा घे, पाणी सुटल्यावर त्याच्या काठाला जो गारवा येतो तो आवाजातून आण. ऊस आण, वाऱ्यात त्याची पानं एकमेकांना घासतात तो आवाज आपल्याकडच्या कुणालाही डोळे मिटून ओळखू येईल.

आणि आवाज स्वतः जाऊन धर. विकतच्या आवाजांत परदेशातले पक्षी असतात, आणि त्यांच्यावर आपलं झाड उगवलं की कानाला खटकतं, कारण सांगता आलं नाही तरी.

कुणासाठी करते आहेस ते नीट डोळ्यांसमोर आण. रात्रीची लाइट आली म्हणून दारं धरायला गेलेला पोरगा, सरीत पाणी शेवटापर्यंत जायला वेळ लागतो, तोवर तो बांधावर फोन घेऊन बसतो. पोरं झोपल्यावर ओट्याशी टेकलेली सून. नोकरीसाठी परगावी एका खोलीत राहणारी तुझ्यासारखी मुलगी. यांच्या हातात महागडा फोन नाही, नेट मध्येच जातं, आणि वेळ वीस मिनिटं. तेव्हा जग हलकं ठेव, स्वस्त फोनवर चालेल असं. नेट गेलं तरी झाड पुढ्यात राहू दे, फक्त शेजारची माणसं थोडी धूसर होऊ देत. वीस मिनिटांनी निघताना काही बुडालं असं वाटता कामा नये.

इथं तुला तुमच्या लोकांशी भांडावं लागेल, हे आत्ताच सांगून ठेवते. 2025 च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा संसदेनं केला, त्यामुळं आता अशा सामाजिक जगांकडं पुष्कळ जण वळतील, आणि येताना जुन्या सवयी घेऊन येतील. रोज या, नाहीतर साखळी तुटेल. आजच घ्या, उद्या मिळणार नाही. तुमची मैत्रीण वाट बघते आहे, असा खोटा निरोप. आवडत्या ‘स्काय’मध्येसुद्धा रोज मेणबत्त्या गोळा करायच्या नादात माणसं उडायचं सुख विसरतात हे मी आपल्या घरातच बघते. वर्गणी घ्या, सरळ किंमत सांगा, लोक देतील. पण जिथं माणूस निवायला आला तिथं त्याला चुटपुट लावून परत आणायचं हे मला मान्य नाही, आणि तुलाही नसावं. महिनाभर आलं नाही तरी आपली जागा तशीच असावी. वारीत एक वर्ष चुकलं म्हणून दिंडीतून कुणी नाव काढत नाही.

पुढच्या आषाढात रजा टाक. पालखी आपल्याकडं मुक्कामाला असते त्याच्या आदल्या रात्रीच ये, आणि तुझ्या वरिष्ठ बाईंनाही घेऊन ये, राहायची सोय आपल्याकडं. खुडूसचं रिंगण बघा, आणि संध्याकाळी समाजआरतीला तळाच्या कडेला उभ्या राहा. नावं आणि चौकट काढलेला नमुना तोवर तयार ठेव, मी, आई आणि शेजारच्या दोघीतिघी तो आपापल्या फोनवर लावून बघू. आईला चष्म्यानंही बारीक अक्षरं दिसत नाहीत, तेव्हा खुणा मोठ्या काढ.